रॅडिट्झचे चिलखत आणि बारा गंगावने

तुळशीबागेत एका दमात बारा गंगावने मागितली, की दुकानदार मान वर करून विचारतो, ‘शाळेचं गॅदरिंग आहे का?’ अशा वेळी रॅडिट्झ या कार्टूनमधल्या योद्ध्याचा वेश करायचा आहे, हे समजावत बसण्यात अर्थ नसतो. ‘हो’ म्हणावे आणि सगळी गंगावने दुकानाबाहेर उजेडात नेऊन त्यांचा काळा रंग एकाच छटेचा आहे का, एवढे पाहून घ्यावे. दुकानातल्या दिव्याखाली निळसर काळा आणि तपकिरी काळा हे दोन्ही सारखेच भासतात. उन्हात उभे राहिल्यावर मात्र डोक्यावर दोन वेगवेगळ्या माणसांचे केस लावल्यासारखे दिसते. मी ही चूक एकदा केली आहे आणि पाच गंगावने पुन्हा विकत घेतली आहेत.

ज्यांना हे नाव आठवत नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेवर आधारलेली ‘ड्रॅगन बॉल झी’ ही मालिका जपानमध्ये २६ एप्रिल १९८९ रोजी सुरू झाली आणि तिचे २९१ भाग झाले. आपल्याकडे ती कार्टून नेटवर्कवर पाहून एक पिढी मोठी झाली. रॅडिट्झ हा सायान जमातीचा योद्धा, नायक गोकूचा थोरला भाऊ. तो पहिल्याच भागात गोल अंतराळयानातून पृथ्वीवर उतरतो, गोकूच्या लहान मुलाला, गोहानला, पळवून नेतो, त्याला परत हवे असेल तर उद्यापर्यंत शंभर माणसे मारून दाखव, अशी अट गोकूला घालतो आणि पाच-सहा भागांतच मारला जातो. त्याच्यामागून येणारे नॅपा आणि व्हेजिटा हे दोघे सायान त्याच्यासाठी अश्रूसुद्धा ढाळत नाहीत. उलट नॅपा जमिनीत बी पेरून जे हिरवे सायबामेन उगवतो, त्यांतला प्रत्येक जण ताकदीने रॅडिट्झच्या तोडीचा, म्हणजे मालिकेतल्या ताकदीच्या मापाने १२०० चा आहे, असे सांगून त्याची उरलीसुरली किंमतही काढून टाकली जाते. या नावांची गंमत पुणेकराने मंडईत जाऊन अनुभवावी. ‘सायान’ हा शब्दच भाजीसाठी असलेल्या ‘यासाई’ या जपानी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून केलेला आहे. रॅडिट्झ म्हणजे मुळा, गोकूचे मूळ नाव काकारोट म्हणजे गाजर आणि नॅपा म्हणजे पालेभाजी.

कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश घालून जमण्याच्या मेळाव्यात गोकू आणि व्हेजिटा पैशाला पासरी मिळतात, रॅडिट्झ क्वचित दिसतो. मात्र त्याचा वेश निवडण्याचे माझे कारण वेगळे आहे. गोकूचा पोशाख हा मुळात कपडा आहे, तो कोणताही शिंपी शिवून देईल. रॅडिट्झच्या वेशात चिलखत, केस, शेपटी आणि डोळ्यावरचे यंत्र अशी चार निरनिराळी कामे येतात आणि चारही घरी करता येतात. ड्रेपरीवाल्यांकडे मावळे, वारकरी, पऱ्या आणि वाघ-सिंह भाड्याने मिळतात, सायान मिळत नाही. तेव्हा दीड महिना हाताशी ठेवून सुरुवात करावी. ऑनलाइन तयार पोशाखही मिळतो, पण त्याचे खांदे पातळ स्पंजाचे असल्याने दुपारपर्यंत ओल्या पापडासारखे लोंबू लागतात.

सर्वांत आधी मालिकेतील दृश्य थांबवून समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी तीन चित्रे काढून घ्यावीत आणि पुढचे सर्व काम त्यांवरूनच करावे. चाहत्यांनी काढलेली चित्रे किंवा खेळण्यांचे फोटो यांवर विसंबू नये, कारण प्रत्येक जण रंग आपापल्या मनाने बदलतो. मूळ दृश्यांत चिलखताचा छातीचा भाग काळपट, तर खांद्यांचे बाहेर काढलेले पंखे आणि कमरेखालच्या झापा मातकट पिवळट-तपकिरी दिसतात. दंड व मांड्या उघड्या असतात.

चिलखताचा साचा अंगावरच घ्यावा लागतो. जुना, फाटला तरी चालेल असा बनियन घालून छातीपासून कमरेपर्यंत स्वयंपाकघरातील पारदर्शक चिकट फिल्म दोनदा गुंडाळावी, तिच्यावर रंगकामाचा कागदी टेप आडवा-उभा चिकटवत जावे आणि सगळे अंग झाकले, की कोणाकडून तरी छातीच्या मध्यावरून एक, दोन्ही काखांतून दोन आणि खांद्यांवरून दोन रेषा मार्करने आखून घ्याव्यात. हे काम एकट्याने होत नाही. टेप लावताना श्वास रोखून पोट आत घेण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा, अन्यथा तयार चिलखत जेवणानंतर बंद होत नाही. पुढे रेषांवरून कात्रीने कापून, फिल्म सपाट पसरून तिचे तुकडे वर्तमानपत्रावर उतरवावेत. फक्त उजवी किंवा फक्त डावी बाजू उतरवावी आणि दुसरी बाजू तिच्यावरूनच उलटी आखावी, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. प्रत्येक तुकड्यावर ‘पुढचा डावा, वरची कड’ असे लिहून ठेवावे. एकदा फोम कापला, की सगळे तुकडे सारखेच दिसू लागतात.

या कामासाठी ईव्हीए फोम वापरावा. छातीला आणि पाठीला १० मिलिमीटर, खांद्यांच्या पट्ट्यांना ५ किंवा ६ मिलिमीटर आणि कडांच्या बारीक कामाला २ मिलिमीटर जाडी पुरते. व्यायामासाठी किंवा लहान मुलांच्या खोलीत पसरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट याच फोमच्या असतात आणि छातीसाठी त्या चालतात. मात्र त्यांची एक बाजू खरबरीत असते, ती आतल्या अंगाला ठेवावी. फोम, कटरची पाती, हीट गन आणि चिकटवण्याचा रबरी गोंद ही सगळी खरेदी रविवार पेठेत, बोहरी आळी आणि आसपासच्या गल्ल्यांत एका फेरीत होते. गाडी मात्र लांब लावून चालत जावे. गणपतीच्या मखराचा अनुभव असलेले काका-मामा थर्माकोल सुचवतील. त्यांचे ऐकू नये, कारण रबरी गोंद थर्माकोलला चक्क विरघळवतो आणि त्यातूनही वाचलेला थर्माकोल पहिल्याच गर्दीत मोडतो.

फोम कापताना पाते नवे असावे आणि दर चार-पाच कापांनंतर बदलावे. बोथट पाते फोम कापत नाही, कुरतडते, आणि कुरतडलेली कड कधीही नीट चिकटत नाही. पाते सरळ उभे धरून लांब, एकसंध काप घ्यावा. तुकडे कापून झाले, की त्यांना बाक द्यावा: हीट गनची गरम हवा सहा-सात इंचांवरून फिरवत राहिल्यास फोमवर क्षणभर चमक येते, त्या वेळी तुकडा मांडीवर किंवा पाण्याच्या कळशीवर दाबून थंड होईपर्यंत धरावा. कळशीचा पोटाकडचा गोल छातीला अगदी चपखल बसतो. या उष्णतेने फोमची छिद्रेही मिटतात आणि पुढे रंग कमी शोषला जातो. गन एकाच जागी थांबली तर फोम फुगतो, काळवंडतो आणि वाईट धूर सोडतो.

चिकटवण्याच्या कृतीत बहुतेकांची घाई नडते. रबरी गोंद दोन्ही कडांना पातळ लावून तसाच ठेवावा लागतो. साधारण दहा मिनिटांनी बोट लावल्यावर तो चिकट वाटतो, पण बोटाला लागत नाही, तेव्हाच कडा एकमेकींवर टेकवाव्यात. एकदा टेकल्या, की त्या सुटत नाहीत आणि सरकतही नाहीत. म्हणून आधी दोन टोके, मग मध्य आणि मग उरलेला भाग असे जोडत जावे. हे काम गच्चीवर किंवा बाल्कनीत करावे. मी ते जुलैत, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावून घेऊन केले आणि तासाभरात डोके असे धरले, की उरलेली संध्याकाळ आडवा होऊन काढली. हा गोंद ज्वालाग्राही असल्याने जवळ गॅस, उदबत्ती किंवा देवघरातला दिवा नको, आणि गोंद उघडा असताना हीट गनही नको.

मालिकेत सायान चिलखत रबरासारखे ताणले जाते. नामेक ग्रहावर व्हेजिटा ही गोष्ट गोहान आणि गोकूचा मित्र क्रिलिन यांना सांगतो. आपले चिलखत ताणले जाणार नाही. त्यामुळे एक बाजू काखेपासून कमरेपर्यंत पूर्ण उघडी ठेवून तिला आतून रुंद वेल्क्रो लावावा. खांद्यांचे पंखे छातीला पक्के चिकटवू नयेत. तसे केले, तर हात वर करताच पंख्याची कड गळ्यात घुसते आणि रिक्षात बसताना दोन्ही बाजूंना अडकते. पंखा स्वतंत्र करून तो दोन ठिकाणी रुंद इलॅस्टिकने आणि वरच्या बाजूला तीन टिचबटणांनी जोडावा. हात उचलला, की पंखा वर उचलला जातो, प्रवासात तो काढून पिशवीत टाकता येतो आणि गर्दीत कोणी आदळले तर मोडण्याऐवजी निखळतो. टिचबटणे थेट फोमला शिवू नयेत, दोरा फोम कापतो. मांजरपाटाचा हातभर तुकडा घेऊन त्यावर बटणे शिवावीत आणि तो तुकडा गोंदाने आतून चिकटवावा. कमरेखालच्या झापांनाही हाच उपाय लागू पडतो, शिवाय त्या इलॅस्टिकवर असल्या तर माणसाला खाली बसता येते.

रंगाआधी पांढऱ्या फेविकॉलमध्ये निम्मे पाणी घालून त्याचे चार हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर ॲक्रिलिक रंग पातळ थरांत लावावा. तेलरंग किंवा लाकडाचा वॉर्निश वापरल्यास फोम वाकताच रंगाला भेगा पडतात. काळ्या भागात थोडा करडा मिसळावा. निव्वळ काळा फोटोत भोकासारखा दिसतो.

आता केस. हा वेश फसतो तो इथेच. रॅडिट्झचे केस काटेरी, जाड आणि पार पायांपर्यंत पोचणारे आहेत. कपाळावर ते मध्यभागी टोकदार खाली येतात आणि दोन्ही बाजूंनी मागे फेकलेले असतात. हा सगळा भार एका टोपीवर शिवला, तर तो टोप अर्ध्या तासात मागे घसरतो, कपाळ उघडे पडते आणि मान भरून येते. माझ्या पहिल्या टोपाचे तेच झाले आणि मेळाव्याचा निम्मा वेळ मी एका हाताने डोके धरून उभा होतो. नाटकाचे टोप करणाऱ्या एका ज्येष्ठ कारागिराला तो दाखवला, तेव्हा त्यांनी तो हातात तोलून एवढेच म्हटले, ‘अहो, हे डोक्यावर कशाला? पाठीवर द्या की.’

केसांचे दोन भाग करावेत. वरच्या भागासाठी डोक्याला घट्ट बसणारी ताणाची काळी टोपी घ्यावी आणि तिच्यावर फक्त चार गंगावने सुटी करून ओळींनी शिवावीत. ओळी मानेपासून सुरू करून वर कपाळाकडे नेल्यास प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. गंगावनाच्या वरच्या टोकाला जी घट्ट बांधणी असते ती उसवू नये. ती तशीच चपटी करून उलट टिपेने शिवली, की केस गळत नाहीत. उरलेली आठ गंगावने खालच्या भागासाठी ठेवावीत. मांजरपाटाच्या दोन थरांमध्ये बुकरम घालून खांद्याइतका रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा, गुडघ्यापर्यंतचा पट्टा शिवावा, तो काळा रंगवून घ्यावा, त्याच्यावर खालून वर ओळी लावाव्यात आणि त्याची वरची कड चिलखताच्या पाठीला, खांद्यांच्या पंख्यांखाली, पाच टिचबटणांनी अडकवावी. वरच्या टोपाचे केस या पट्ट्यावर वीतभर येऊन पडले, की जोड दिसत नाही. मान डावी-उजवीकडे सहज वळते आणि भार खांद्यांवर जातो. गंगावने पट्ट्याच्या टोकापर्यंत पुरली नाहीत, तर खालची ओळ केवळ अर्ध्या जाडीची करावी, कारण टोकाला केस विरळच चांगले दिसतात.

काटे उभे करण्यासाठी केसांच्या बोटाएवढ्या बटा कराव्यात, प्रत्येक बटेच्या पोटात २ मिलिमीटर फोमची लांब निमुळती पट्टी ठेवावी आणि वरून पाणी घातलेला पांढरा फेविकॉल बोटांनी ओढून बट टोकाकडे पिळावी. ओली असताना ती दुधट दिसते, वाळली की डाग जातो. या केसांना हीट गन किंवा केस वाळवण्याचे गरम यंत्र लावू नये, ते प्लॅस्टिकचे धागे असतात आणि क्षणात आकसून गोळा होतात. बटांची संख्या मोजकी ठेवावी. मालिकेच्या चित्रात मोठे, स्पष्ट काटे आहेत, झाडूसारखा पिंजारा नाही.

शेपटीसाठी तपकिरी फरचे कापड साधारण दीड मीटर लांब आणि वीतभर रुंद घेऊन उलट्या बाजूने नळीसारखे शिवावे, सुलटे करावे आणि आत जुन्या उशीचा कापूस सैलसर भरावा. तार घालण्याची गरज नाही, कारण सायान योद्धे शेपटी कमरेला गुंडाळून ठेवतात. मात्र ती पट्ट्यासारखी बांधून टाकू नये. या शेपटीतच रॅडिट्झचे मर्म आहे: गोकू ती पकडतो तेव्हा रॅडिट्झची सगळी ताकद जाते, तो गयावया करतो आणि भोळा गोकू ती सोडून देतो. ही गोष्ट मेळाव्यातील प्रत्येकाला पाठ असते आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन शेपूट ओढतेच. त्यामुळे तीही टिचबटणांवरच ठेवावी. ओढणाऱ्याच्या हातात शेपटी आली, की गुडघ्यावर बसून गयावया करायची तयारी असू द्यावी.

डोळ्यावरचे यंत्र, म्हणजे समोरच्याची ताकद आकड्यात दाखवणारा स्काउटर, दुपारभरात होते. जुन्या हेडफोनचा एक कप ठेवून दुसरा काढून टाकावा, दांडी केसांखाली लपते. कपावर ५ मिलिमीटर फोमची चकती चढवावी आणि काचेसाठी अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या पारदर्शक फाइलचे आवरण कापून त्याला आतून रंगीत जिलेटिन लावावा. काचेचा रंग आपण थांबवलेल्या दृश्यावरून ठरवावा, कारण मालिकेत निरनिराळ्या स्काउटरच्या काचा निरनिराळ्या रंगांच्या आहेत. हौस असल्यास काचेच्या कोपऱ्यात बारीक ५ हा आकडा लिहावा. बंदूक घेऊन समोर आलेल्या शेतकऱ्याची ताकद रॅडिट्झच्या यंत्राने तेवढीच दाखवली होती, आणि हा आकडा ओळखणारा माणूस आपल्याच जातकुळीचा समजावा. बुटांसाठी साध्या काळ्या बुटांवर फोमची खोळ चढवावी. खाली काळी सायकलिंग शॉर्ट घातली, की मालिकेपेक्षा थोडी सभ्यता येते आणि घरच्यांचा विरोधही मावळतो.

वेश घालून दुचाकीवर बसू नये. हेल्मेटखाली टोप चुरगळतो हे एक, आणि गुडघ्यापर्यंतचे केस मागच्या चाकात गेले तर गाठ जिवाशी आहे. चिलखत तीन तुकड्यांत सुटे करून, केस सुती पंच्यात सैल गुंडाळून न्यावेत आणि तिथे पोचल्यावर चढवावेत. फोममधून हवा जात नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याचे काही वाटत नाही, पण ऑक्टोबरमध्ये पहिल्या तासातच बनियन पिळून काढावा लागतो. पाठीवर, केसांच्या पट्ट्याखाली जिथे दिसत नाही तिथे, चिलखताला रुपयाच्या नाण्याएवढी दहा-बारा भोके पाडून ठेवल्यास पुष्कळ फरक पडतो.

फोटोंसाठी सभागृहापेक्षा वेताळ टेकडीवरची जुनी दगडाची खाण उत्तम. तोरियामांच्या लढाया ज्या ओसाड, खडकाळ माळांवर होतात, त्यांच्याशी ती जागा चांगली जुळते. सकाळी सातच्या आत पोचावे, म्हणजे ऊन तिरपे मिळते आणि फिरायला येणाऱ्या आजोबांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात वेळ जात नाही. पायांत फोमच्या खोळी असताना उतार चढू नये, त्या वर जाऊन घालाव्यात.

छातीवरचा तडा मात्र सर्वांत शेवटी, पहिले सगळे फोटो काढून झाल्यावर करावा. छोटा गोहान रडता रडता चिडतो, कोंडलेल्या यानातून बाहेर उसळतो आणि रॅडिट्झच्या छातीवर असा आदळतो, की चिलखत फुटते. स्काउटरवर त्या क्षणी १३०७ हा आकडा येतो. हा तडा रंगाने काढलेला कधीही खरा दिसत नाही. नव्या पात्याने फोममध्ये अर्ध्या जाडीपर्यंत वेड्यावाकड्या तीन-चार रेषा कापाव्यात, त्यांवर हीट गन क्षणभर फिरवावी, म्हणजे उष्णतेने काप आपोआप उघडतो आणि त्याच्या कडा किंचित वर येतात. मग बारीक कुंचल्याने आत गडद करडा आणि कडेला फिकट रंग भरावा. रेषा छातीच्या मध्यापासून बाहेर जाव्यात आणि वेल्क्रोच्या बाजूला चार बोटे आधीच थांबाव्यात, नाहीतर चिलखत पुढच्या खेपेला तिथूनच फाटते.